रात्री अकराची चिठ्ठी : कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना अँटिबायोटिक जपून लिहायला कसं शिकवावं

आमच्याकडच्या कुठल्याही आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या तरुण निवासी डॉक्टरला विचारा, "सर्दीला अँटिबायोटिक लागतं का?" तो झोपेतून उठूनही सांगेल, "नाही सर, व्हायरल असते." मग त्याचीच काल रात्रीची चिठ्ठी काढून बघा. अ‍ॅझिथ्रोमायसिन ५००, तीन दिवस. निदानाच्या जागी 'यूआरटीआय', म्हणजे नाक-घशाचा संसर्ग, साधी सर्दीच.

म्हणजे त्याला माहीत नाही असं नाही. तरी आपण त्याला पुन्हा तेच शिकवत बसतो. रविवारी हॉटेलात सीएमई, म्हणजे डॉक्टरांचा शिकवणीचा कार्यक्रम, ऐंशी स्लाइड, जेवण, आणि प्रायोजक बहुतेक वेळा अँटिबायोटिक विकणारीच कंपनी. सोमवारी रात्री चिठ्ठी जशीच्या तशी. सांगली-मिरजेत ज्यांचं छोटं-मध्यम हॉस्पिटल आहे, दारावर 'चोवीस तास सेवा' असा बोर्ड आहे आणि रात्रीची कॅज्युअल्टी दोन-तीन तरुण डॉक्टरांच्या भरवशावर चालते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी फिजिशियन आहे. आमच्याकडे हे करून पाहिलंय, काही चुकलंही, तेही सांगतो.

ही खोड फक्त आपली नाही. अमेरिकेत 'अर्जंट केअर सेंटर' नावाचे दवाखाने असतात. अपॉइंटमेंट नाही, थेट जायचं, लवकर मोकळं व्हायचं. तिथल्या विमा-नोंदींवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सर्दी, साधा खोकला अशा, अँटिबायोटिकची गरजच नसलेल्या श्वसनाच्या तक्रारींत या सेंटरांतल्या ४५.७ टक्के भेटींत अँटिबायोटिक दिलं गेलं होतं. नेहमीच्या डॉक्टरच्या ओपीडीत तोच आकडा १७ टक्के. पुस्तकं तीच, डिग्री तीच. फरक घाईचा, आणि समोरचा पेशंट अनोळखी असण्याचा. आपली रात्रीची कॅज्युअल्टी याच जातीची.

आधी मालकाची सही

हॉस्पिटल तुमचंच असेल तर हा भाग स्वतःला वाचून दाखवा. 'पेशंट तुटला नाही पाहिजे' हे वाक्य आरएमओने एकदा ऐकलं की तुमचं सगळं प्रशिक्षण पाण्यात. तो रात्री एकटा असतो. पेशंट चिडून गेला तर सकाळी बोलणी त्यालाच. शिवाय इंजेक्शन, सलाईन आणि खालचं मेडिकल यांतून बिल वाढतं, हे त्यालाही कळतं. म्हणून पहिलं काम कागदावर करा: 'अँटिबायोटिक दिलं नाही म्हणून तक्रार आली, आणि केसपेपरवर तपासणी नीट लिहिलेली असेल, तर जबाबदारी माझी.' खाली सही. हा कागद ड्युटी रूममध्ये लावा.

दुसरा कागद पेशंटला दिसेल असा, कॅज्युअल्टीच्या भिंतीवर. 'तुम्हाला फायदा होणार असेल तेव्हाच आम्ही अँटिबायोटिक देतो', असं साध्या मराठीत, खाली तिथे काम करणाऱ्या डॉक्टरांचे फोटो आणि सह्या. मिरजेला कर्नाटकातूनही पेशंट येतात, तेव्हा एक कन्नडमध्येही करा. लॉस एंजेलिसच्या काही क्लिनिकांत असंच पोस्टर लावून पाहिलं होतं. २०१४ साली छापलेल्या त्या प्रयोगात नको तिथे अँटिबायोटिक लिहिण्याचं प्रमाण पोस्टर नसलेल्या डॉक्टरांच्या तुलनेत जवळपास २० टक्केबिंदूंनी कमी निघालं. पोस्टर वाचून पेशंट बदलतो की नाही, देव जाणे. स्वतःची सही समोर दिसते तेव्हा डॉक्टरचा पेन अडखळतो, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

शंभर केसपेपर, एक टेबल, एक दुपार

लेक्चर ठेवूच नका. मागच्या महिन्यातले सर्दी, खोकला, घसादुखी, जुलाब आणि साधा ताप एवढ्याच तक्रारींचे शंभर केसपेपर काढा. चहा मागवा. सगळे आरएमओ, एक सिस्टर आणि तुम्ही बसा. प्रत्येक कागदाला चारच प्रश्न: अँटिबायोटिक लिहिलं का? कोणतं? किती दिवस? आणि कशासाठी, हे कागदावर कुठे दिसतं का?

चौथा प्रश्न सगळ्यांना गप्प करतो. 'ताप, अंगदुखी', त्याखाली सरळ सेफिक्झिम. मधलं काहीच नाही. घसा पाहिला का, छाती ऐकली का, श्वास मोजला का, काही नाही. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना पत्र लिहून सांगितलं होतं, की अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी हे चिठ्ठीवर नोंदवाच. आपणही केसपेपरवर तसा एक रकाना छापून घ्या: 'अँटिबायोटिकचं कारण'. छपाईचा खर्च किरकोळ. 'व्हायरल यूआरटीआय' असं स्वतःच्या अक्षरात लिहून त्याच्या शेजारी अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहायला हात जड होतो.

इथे आमची चूक झाली होती. पहिल्या वेळी आम्ही फक्त आरएमओंचे कागद काढले. पोरं मान खाली घालून बसली आणि नंतर महिनाभर माझ्याशी तुटक वागली. दुसऱ्या वेळी कन्सल्टंटचेही काढले, त्यात माझेही होते. माझे वाईट निघाले. खोली हलकी झाली.

मोजताना औषधांची विभागणी जागतिक आरोग्य संघटनेच्या 'अवेअर' यादीने करा. ही यादी २०१७ पासून आहे. गट तीन. 'अ‍ॅक्सेस' म्हणजे नेहमीची: अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन, डॉक्सीसायक्लिन, नायट्रोफ्युरँटॉइन, मेट्रोनिडॅझोल. 'वॉच' म्हणजे सांभाळून वापरायची: अ‍ॅझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रायक्सोन, लिव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन. 'रिझर्व्ह' राखीव, लिनेझोलिड, कोलिस्टिन त्यात येतात. अनेक तरुण डॉक्टरांना इथे धक्का बसतो, कारण ज्याला ते 'साधं' समजतात ते अ‍ॅझिथ्रो आणि सेफिक्झिम दोन्ही वॉचमध्ये. सेफिक्झिम-ओफ्लॉक्सासिनसारखी मिश्रणं तर संघटनेने वापरूच नयेत अशा यादीत टाकलीत. २०३० पर्यंत माणसांतल्या एकूण अँटिबायोटिक वापरात ७० टक्के वाटा अ‍ॅक्सेस गटाचा असावा, असं ध्येय संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात ठेवलंय. तुमच्या शंभर कागदांत तो वाटा किती, तेवढं फळ्यावर लिहा.

मग पाचच आजार, रोज वीस मिनिटं

सकाळी आठला ड्युटी बदलते. रात्रीचा डॉक्टर जायच्या आधी आणि सकाळचा आल्यावर वीस मिनिटं. आठवड्याला एक आजार, रात्रीचेच केसपेपर हातात घेऊन.

घसादुखी सगळ्यात सोपी. अँटिबायोटिक लागणारी घसादुखी ओळखायचे सेंटॉरचे चार मुद्दे पाठ करून घ्या, प्रत्येकाला एक गुण: ताप, खोकला नसणं, टॉन्सिलवर पांढरा थर, गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी. वय ३ ते १४ असेल तर एक गुण वाढवा, ४५ च्या पुढे असेल तर एक कमी. एकूण गुण तीनच्या खाली असतील तर अँटिबायोटिकचा विचार बाजूला. खोकला, नाक वाहणं, बसलेला आवाज, हे सगळं एकत्र असेल तर बहुतेक व्हायरसच.

खोकल्यात फुप्फुस ऐका, श्वास मोजा, ऑक्सिमीटर लावा. साधा ब्राँकायटिसचा खोकला सरासरी अडीच आठवडे टिकतो. पेशंटला वाटतं पाच दिवसांत जायला हवा. हा फरक न सांगितल्यामुळेच सहाव्या दिवशी 'वरची' गोळी लिहिली जाते. इथे लिव्होफ्लॉक्सासिनबद्दल वेगळं बोला. दोन आठवड्यांवर गेलेल्या खोकल्यात ते दिलं तर टीबीचा पेशंट काही दिवस बरा वाटतो, थुंकीत जंतू दिसेनासे होतात आणि निदान लांबतं. अशा पेशंटला आधी थुंकीची तपासणी, मग बाकीचं.

पातळ जुलाबाला ओआरएस, आणि लहान मुलांना १४ दिवस झिंक: सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०. ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची गोळी ही आपल्याकडची अंधश्रद्धा आहे, माझ्या मते नारळ फोडण्यापेक्षा महाग. रक्त-आव पडत असेल किंवा कॉलऱ्याचा संशय असेल तर गोष्ट वेगळी.

लघवीच्या जळजळीत उलट चूक होते: अँटिबायोटिक लागतं, पण भलतंच दिलं जातं. गर्भवती नसलेल्या, ताप-कंबरदुखी नसलेल्या बाईला नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस, किंवा फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमचा एकच डोस पुरतो. आणि त्रास काहीच नाही, फक्त रिपोर्टमध्ये जंतू आलेत, तर गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असणं, एवढे अपवाद सोडून औषध नाही.

ताप मात्र एका आठवड्यात होत नाही, त्याला दोन द्या.

आपल्याकडे तापाचं निदान विडाल या टायफॉइडच्या रक्ततपासणीच्या कागदावर होतं. दुसऱ्याच दिवशीचा ताप, विडाल 'पॉझिटिव्ह', टायफॉइड म्हणून सेफ्ट्रायक्सोनची बाटली सुरू. विडालमध्ये दिसतात त्या अँटिबॉडी; त्या पहिल्या आठवड्यात धड तयारही झालेल्या नसतात, आणि टायफॉइड जिथे नेहमी असतो तिथे आधीच्या आजारामुळे किंवा लसीमुळेही दिसू शकतात. एकट्या विडालवर निदान करू नका, हे आरएमओच्या डोक्यात ठाम बसलं तर निम्मं काम झालं. खरा टायफॉइड वाटतोय तर अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, पाठवा. पाच-सहा दिवस ताप अंगावर काढलेला, जीभ पांढरी, पोट जड, असा पेशंट आणि काल संध्याकाळपासून कणकण असलेला पेशंट, हे दोन वेगळे आहेत.

पावसाळ्यात ताप आला की आधी डेंग्यू आणि मलेरिया बघा. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही डेंग्यूची रक्ततपासणी. डेंग्यूत अँटिबायोटिकचा उपयोग शून्य, आणि डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन धोक्याचं. रात्री दोन्ही एकाच ट्रेमध्ये येतात.

मग आपल्या कृष्णाकाठची गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखालचं पाणी गावात शिरलं तेव्हापासून सांगलीच्या प्रत्येक डॉक्टरला लेप्टो, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, माहीत आहे. पाणी ओसरल्यावर, गाळ उपसल्यावर ताप, पोटऱ्या प्रचंड दुखतात, डोळे लाल: इथे वाट बघायची नाही. तसंच शेतात, झाडीत काम करणाऱ्याचा न हटणारा ताप: काखेत, जांघेत, स्तनाखाली काळी खपली शोधा, बारीक किड्याच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस असू शकतो. दोन्हीत डॉक्सीसायक्लिन. स्वस्त, जुनं, अ‍ॅक्सेस गटातलं. गंमत बघा, जिथे हे साधं औषध जीव वाचवतं तिथे ते आठवत नाही, कारण हात सेफ्ट्रायक्सोनकडे गेलेला असतो, आणि स्क्रब टायफसवर सेफ्ट्रायक्सोन चालत नाही.

तोंडात वाक्य बसवायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. चिठ्ठीवरचं अँटिबायोटिक बहुतेकदा डॉक्टरच्या डोक्यातून येत नाही, समोरच्याशी काय बोलावं हे न सुचल्यामुळे येतं.

आम्ही सुरुवातीला एकमेकांनाच पेशंट बनवायचो. मजा आली नाही. डॉक्टर पेशंट झाला तरी डॉक्टरसारखंच बोलतो. मग वॉर्डातल्या मावशींना बसवलं. वीस वर्षं दारात उभं राहून त्यांनी ऐकलेलं सगळं बाहेर आलं. पदर खोचून त्या खुर्चीवर बसल्या आणि आरएमओला म्हणाल्या, "डाक्टर, पोरगं तीन रात्री झोपलं न्हाई. मागच्या येळंला एका सुईत बरं झालतं. तुमी नुसत्या पाण्याच्या गोळ्या देताय?" पोराला घाम फुटला. "व्हायरल आहे मावशी, आपोआप बरं होईल," एवढंच तो म्हणाला. मावशी उठल्याच, "मग इतक्या रातचं गाडी करून आलो कशाला आमी?"

त्या प्रश्नातच धडा आहे. 'आपोआप बरं होईल' याचा अर्थ आईला ऐकू येतो, 'तुम्ही उगाच आलात'. त्याऐवजी चार गोष्टी, याच क्रमाने, बोलायला शिकवा.

पहिलं, तपासताना तोंडाने बोलत राहा. "छाती साफ वाजतेय. श्वास तीस आहे, दोन वर्षांच्या पोराला ठीक आहे. कान बघितले, आत पू नाही." तपासलं हे तिला कळायला हवं.

दुसरं, आजाराला नाव आणि मुदत द्या. "विषाणूचा खोकला आहे. ताप दोन-तीन दिवसांत उतरेल, खोकला दोन आठवडेही राहील. तेवढं चालतं."

तिसरं, काय करायचं ते आधी सांगा, काय द्यायचं नाही ते नंतर. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, किती मिली ते सिरिंजने दाखवून. नाकात सलाईनचे थेंब. वर्षाच्या पुढच्या पोराला झोपताना चमचाभर मध. वर्षाच्या आत मध अजिबात नाही. मग शेवटी, "अँटिबायोटिकचा यात उपयोग नाही, जुलाब मात्र होतील."

चौथं, परत कधी यायचं. "छातीच्या फासळ्या आत ओढायला लागल्या, दूध-पाणी प्यायचं सोडलं, पोरगं सुस्त पडलं, किंवा तीन दिवसांनी ताप तसाच राहिला, तर रात्रीचे दोन वाजले तरी या. मी आहे." हे कागदावरही लिहून द्या.

या चार गोष्टींना घड्याळ लावून पाहिलं तर तीन मिनिटांच्या आत होतात. इंजेक्शन भरून, टोचून, टेस्ट डोससाठी थांबण्यापेक्षा कमीच.

शेतकऱ्याशी बोलायला तासगाव-पलूसकडे वेगळीच सोय आहे. द्राक्षवाल्याला सांगावं, "अण्णा, एकच बुरशीनाशक सारखं मारलं की डाऊनी ऐकती का?" तो हसतो. "न्हाई डॉक्टर, मग भारीतलं घ्यावं लागतं." "जंतूंचंही तसंच." यापुढे काही बोलावं लागत नाही. ऊसतोडीला आलेल्या माणसाचं मात्र वेगळं आहे. त्याला पहाटे फडात जायचंय, मजुरी बुडवून तो पुन्हा येणार नाही. त्याला 'तीन दिवसांनी दाखवा' म्हणणं म्हणजे पाट्या टाकणं. अशांसाठी फोन नंबर द्या, तिसऱ्या दिवशी सिस्टरने स्वतः फोन करायचा. तेवढं करा.

एक मधला मार्गही आहे: राखीव चिठ्ठी. कान दुखणाऱ्या, दोन वर्षांवरच्या, बाकी ठणठणीत मुलाला अमॉक्सिसिलिन लिहून द्यायचं, पण 'दोन दिवसांत दुखणं कमी झालं नाही तरच घ्या' म्हणून, वर तारीख घालून. पेशंट जवळचा आणि समंजस असेल तरच.

जिथे थांबायचं नाही

हे न शिकवता वरचं सगळं शिकवलं तर कुणाचा तरी जीव जाईल. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे संसर्गाने रक्तदाब कोसळला असेल तेव्हा, अँटिबायोटिक एका तासात, शक्य असेल तर कल्चर घेऊन, पण कल्चरसाठी खोळंबा करू नका. मेनिंजायटिसचा संशय, तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप, केमोथेरपी चालू असलेल्याचा ताप, मधुमेह्याचा सुजलेला लाल पाय: इथे 'जपून' याचा अर्थ 'लगेच आणि नीट' असा आहे. लहान मुलांत श्वास मिनिटभर घड्याळ लावून मोजायचा. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते वर्ष ५०, वर्ष ते पाच वर्षं ४०. तेवढा किंवा त्याहून जास्त असेल तर न्यूमोनिया समजून चाला.

आणि दिलं तर किती दिवस? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२ मध्ये सांगितलेल्या मुदती भिंतीवर लावा: बाहेरून झालेल्या न्यूमोनियाला आणि त्वचेच्या संसर्गाला ५ दिवस, हॉस्पिटलमध्ये लागलेल्या न्यूमोनियाला ८. 'सात दिवस, मग बघू' ही सवय मोडायला वेळ लागतो.

मेडिकलवाला

त्याला एका सकाळी बोलवा. शेड्यूल एच-१, म्हणजे कडक नियमांनी विकायच्या औषधांची सरकारी यादी, १ मार्च २०१४ पासून लागू आहे. तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम, टीबीची औषधं त्यात येतात. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि डॉक्टर, पेशंट, औषध, संख्या यांची वेगळी वही तीन वर्षं ठेवायची. ती वही म्हणजे तुमच्या हॉस्पिटलचा आरसाच आहे; महिन्याअखेर नजर टाका. आणि पाचाच्या कोर्सच्या दोनच गोळ्या कापून देणं बंद, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

मोजत राहा

दर महिन्याला वीस-वीस केसपेपर प्रत्येकाचे. आकडे नावाने लावू नका. प्रत्येकाला एक अक्षर द्या, कुणाचं कोणतं हे ज्याचं त्याला माहीत. शेजाऱ्यापेक्षा आपण किती वर आहोत हे दिसलं की लेखणी आवरते. अमेरिकेतल्या २०१६ सालच्या एका मोठ्या प्रयोगात अशा तुलनेने, आणि कारण लिहायला लावण्यानेही, अनावश्यक चिठ्ठ्या ठळक घटल्या होत्या. त्यासोबत दुसरा आकडा हवाच: अँटिबायोटिक न दिलेल्यांपैकी किती जण ७२ तासांत परत आले, किती भरती झाले. तो वाढला तर आपलं काहीतरी चुकतंय.

रात्रपाळीचा आकडा नेहमी जास्त येतो. त्यात आजारी पेशंट जास्त असतात हे खरं, पण थकवाही असतो. अमेरिकेतल्याच ओपीडींच्या २०१४ च्या अभ्यासात सत्राच्या चौथ्या तासाला अँटिबायोटिक लिहिण्याचं प्रमाण पहिल्या तासापेक्षा वाढलेलं दिसलं होतं. आपले आरएमओ कधीकधी छत्तीस तास उभे असतात. ड्युटी लहान करता येत असेल तर तेही याच प्रशिक्षणात धरा.

आरएमओ वर्षभराने जातो. पीजीला, नाहीतर दुसरीकडे. नव्याला पहिल्या दिवशी तीन गोष्टी: सही केलेला कागद, चार वाक्यांचं कार्ड, आणि मावशींसमोर एक परीक्षा. परवा नवा मुलगा रुजू झाला. मी राउंडवरून येईपर्यंत मावशी खुर्ची ओढून बसल्याही होत्या. "डाक्टर, मला लई खोकला झालाय बगा, पावरवाली गोळी द्या." त्याने स्टेथोस्कोप कानाला लावला आणि मोठ्याने म्हणाला, "मावशी, आधी छाती ऐकू द्या."